रोम ब्युटीची पानगळ

आमच्या अंगणात सफरचंदाचं झाड आलं ते माझ्या तोंडून सहज निघालेल्या एका वाक्यामुळे, असं आई पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायची. ते पूर्ण खरं नाही. मी फक्त बोलून गेले होते. झाड निवडणारे, त्याच्यावरून भांडणारे, आणि शेवटी त्याच्या तुटपुंज्या सावलीत खुर्च्या टाकून बसणारे सगळे घरातले मोठे लोक होते. मी आपली मध्ये लुडबुड करत, दोऱ्या धरत, सगळं पाहत होते. आता बाबा नाहीत, अण्णा तर केव्हाच गेले, आणि आई माझ्याजवळ वुडलँड्सच्या या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारची कॉफी पीत, मी काय लिहितेय याची चौकशी करत बसलेली असते. "त्या झाडाचं लिहितेस ना? मग नीट लिही. उगाच गोड करू नकोस," एवढंच तिचं म्हणणं.

आम्ही तेव्हा इथेच सिंगापूरमध्ये, चोआ चू कांगच्या पार टोकाला एका जुन्या टेरेस हाउसमध्ये भाड्याने राहत होतो. आमच्या दारावरून जाणारा रस्ता भाजीच्या मळ्यांमधून पुढे थेट दफनभूमीकडे जायचा. त्यामुळे तिथे राहायला फारसं कुणी तयार नसे आणि म्हणूनच आमच्यासारख्यांना दोन मजली घर, पोर्च आणि समोर चार सतरंज्यांएवढं अंगण असा थाट परवडत होता. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, अजून आमच्या बाजूला पोचली नव्हती. बाबा बँकेत आणि आई एका विमा कंपनीच्या अकाउंट्समध्ये होती. दोघंही उजाडता उजाडता बस पकडायला निघत. सकाळी सगळ्यात आधी कोकीळ ओरडायचा. इथला कोकीळ गातो असं म्हणायला माझी अजून जीभ रेटत नाही, तो पहाटेपासून तक्रार करतो. मग आईच्या कुकरच्या शिट्ट्या, मग बाबांचा रेडिओ. दुपारी मी शाळेतून आले की भिंतीपलीकडून पियानो. शेजारच्या हार्ताती आँटी घरी पियानोच्या शिकवण्या घ्यायच्या. त्या मूळच्या जाव्हाच्या, लग्न करून सिंगापूरला आलेल्या. नवरा जहाजावर इंजिनिअर, त्यामुळे घरी कमी आणि समुद्रावर जास्त. त्यांच्याकडची मुलं एकच धून इतक्या वेळा चुकवायची की ती चुकीचीच मला पाठ झाली होती. पुढे ती बरोबर वाजलेली ऐकली तेव्हा मला ती चुकल्यासारखी वाटली.

खाण्याचं म्हणाल तर घरात सोमवार ते शुक्रवार वरण-भात, एक भाजी आणि आईनं घाईत लाटलेल्या पोळ्या. शनिवारी बाबा हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरून, पॅकेट बांधून आणायचे, त्यात नूडल्स असायच्या आणि शाकाहारी आईला चालेल असं काहीतरी शोधताना त्यांची नेहमी तारांबळ उडायची. रविवारी दोन बस बदलून आम्ही लिटिल इंडियाला जायचो. कढीपत्त्याची जुडी, ओलं खोबरं, मेथी, आणि नशीब असेल तर ज्वारीचं पीठ. पीठ मिळालं की परतीच्या बसमध्येच आई भाकरीबरोबर काय करायचं ते ठरवायला लागायची आणि बाबा ठेच्याची आठवण करून द्यायचे. एकूण आमचं बरं चाललं होतं.

त्या घरात अण्णा आले. अण्णा म्हणजे आईचे वडील. माई, माझी आजी, गेल्यावर ते पुण्यात एकटे राहत होते आणि एकटे राहणं त्यांना जमत नाही हे फोनवरूनही कळायचं, कारण ते आईला काहीच सांगत नसत. फक्त "ठीक आहे" म्हणायचे. शेवटी आई गेली आणि त्यांना घेऊनच आली. अण्णांनी सगळी नोकरी हिमालयातल्या कुमाऊँच्या डोंगरात, सरकारी फळबागेत काढली होती. तिथली सफरचंदं हा त्यांचा विषय. कलमं करायची, नवी जात लावून बघायची, आसपासच्या गावांतल्या लोकांना छाटणी शिकवायची, हे त्यांचं काम. पण बागेजवळ चौथीनंतर शाळा नव्हती, म्हणून आईला नऊ वर्षांची असताना पुण्याला मावशीकडे ठेवलं. आई तिथेच वाढली, शिकली, तिथूनच लग्न होऊन गेली. त्यामुळे अण्णा आणि आई एकमेकांशी इतकं अदबीनं बोलायचे की मला गंमत वाटायची. "अण्णा, चहा ठेवू का आपल्यासाठी?" "तुला त्रास नसेल तर, सुधा." बँकेत गिऱ्हाइकाशी बाबा याहून मोकळं बोलत असतील.

अण्णा उंच आणि वाकलेले होते. पोर्चमध्ये वेताच्या खुर्चीत बसून ते दिवसभर समोर बघायचे. संध्याकाळी मला घेऊन मळ्यांच्या बाजूला फिरायला जायचे. एकदा चालता चालता ते म्हणाले, "मनू, इथे झाडं कधी थांबतच नाहीत का गं? बारा महिने आपली हिरवीच. दमत कशी नाहीत?"  घरी आल्यावर बाबांनी विषय काढला. अंगण मोकळं पडलंय, अण्णांनी काहीतरी लावावं. घरमालक काहीही लावा म्हणाला होता, फक्त केळ नको, केळीत भूत राहायला येतं. बाबा म्हणाले आंबा लावा, आई म्हणाली पेरू. अण्णा नुसते मान हलवत होते. तेव्हा मी, वाक्याला 'लाह' जोडायच्या इथल्या सवयीनं, म्हटलं, "अण्णा, ॲपल लावा लाह. तुम्हाला ॲपलच येतं ना?"

अण्णा हसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सफरचंद! इथे! अगं, त्याला थंडी लागते. हिवाळाभर गारठून पडावं लागतं, तेव्हा कुठे त्याला फूल येतं." पण त्या दिवशी रात्री जेवताना त्यांनी बाबांना विचारलं की इथे बाजारात सफरचंदं कुठून कुठून येतात.

मग आमच्या घरात सफरचंदांचा हंगाम सुरू झाला. बाबा रोज घरी येताना सुपरमार्केटमधून वेगवेगळी सफरचंदं आणायचे. लाल, पिवळी, हिरवी, मेण लावल्यासारखी चकचकीत. जेवण झालं की अण्णा चाकू आणि ताटली घेऊन बसायचे. फोड कापायची, वास घ्यायचा, हळूहळू चावायची आणि निकाल द्यायचा. "दिसायला देखणं, आत कापूस." "हे प्रवासात पिकवलंय." एकदा एक फोड त्यांनी अर्धी खाऊन खाली ठेवली आणि म्हणाले, "हे काहीच म्हणत नाही." त्यांच्या बागेतल्या जातींबद्दल ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलायचे. बेनोनी लवकर यायची आणि लवकर रुसायची. रायमर आंबट, पण मनानं घट्ट, मार्चपर्यंत टिकणारी. फॅनी म्हणजे देखणी पण आळशी. यातली कुठलीच इथे जगणार नाही, हे सगळं सांगून झाल्यावर ते तितक्याच शांतपणे सांगायचे. बाजारातल्या सफरचंदाच्या बिया पेराव्यात का असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बी पेरलं तर काय येईल ते देवाला ठाऊक. सफरचंदाचं पोर आईबापांसारखं निघत नाही. कलमच हवं."

अशा एका रात्री कुंपणावरून हार्ताती आँटींनी हाक मारली. त्यांचा भाऊ गावाहून आला होता आणि त्यानं पिशवीभर फळं आणली होती. जाव्हाच्या डोंगरात त्यांच्या घरची सफरचंदाची बाग होती, ही गोष्ट इतकी वर्षं शेजारी राहूनही आम्हाला माहीत नव्हती. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. अण्णांनी पिशवीतून एक फळ काढलं. साधंच होतं, अंगावर फिकट लाल पट्टे, देठाजवळ हिरवट. दिव्याखाली धरून ते फिरवून पाहिलं, नखानं साल जराशी खरवडली, आणि एकदम म्हणाले, "रोम ब्युटी! ही इथे कशी आली?"

परमुलखातल्या बसस्टॉपवर अचानक आपल्या पेठेतला माणूस भेटावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. आँटींनी सांगितलं की डच लोकांच्या काळात ही जात त्यांच्या डोंगरात आली, त्यांच्या आजोबांनी लावलेली झाडं अजून फळं देतात. अण्णांच्या बागेत पूर्वेच्या उतारावर हीच होती. तिला थंडी कमी लागते हे त्यांना माहीत होतं, पण इतकी कमी लागत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या रात्री आमच्या डायनिंग टेबलवर दोघं इंग्रजीत बोलत बसले. अण्णांचं जुन्या सरकारी वळणाचं इंग्रजी, आँटींचं मधूनच मलायकडे वळणारं. फांद्या, माती, कलमं, कीड. आई मला म्हणाली, "बघ, माझ्याशी बोलायला यांच्याकडे एवढे शब्द नसतात." ती हसत म्हणाली, म्हणून मीही हसले.

आँटींच्या भावाकडून कलम मागवायचं ठरलं, पण ते यायला बराच वेळ गेला. बाबांनी परमिट काढलं, मग ते रोप सरकारी रोपवाटिकेत वेगळं ठेवलं होतं, ते रोगमुक्त आहे असं ठरेपर्यंत. घरी आलं तेव्हा ते माझ्या खांद्याएवढं होतं, काठीला बांधलेलं, मोजकी पानं असलेलं. अण्णांनी अंगणातला सगळ्यात उन्हाचा कोपरा निवडला, पाणी साचू नये म्हणून मातीचा उंचवटा केला, आणि रोप लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहील हे मला तीनदा दाखवलं. मी पाणी घातलं. आईनं खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा आत कणीक मळायला गेली.

झाड जगलं, वाढलंही, तिथेच सगळी अडचण झाली. ते वाढतच राहिलं. वेगळा पावसाळा नाही, हिवाळा नाही, नुसती ऊब आणि रोजचा पाऊस. ते माझ्या डोक्यावर गेलं, मग बाबांच्या, मग पोर्चच्या पत्र्याला टेकलं. पानंच पानं. अण्णा सकाळी उठून आधी झाडाजवळ जायचे आणि फांद्यांच्या टोकांशी बोट नेऊन काहीतरी शोधायचे. कळी नव्हतीच. दुसरं वर्ष गेलं, तिसरं लागलं. हार्ताती आँटी कुंपणाशी यायच्या आणि तेच सांगायच्या, "मिस्टर अण्णा, पानं काढा. आमच्याकडे थंडी येत नाही, म्हणून आम्हीच झाडाला सांगतो की झालं, आता झोप. सगळी पानं हातानं तोडायची. मग ते जागं होतं आणि फुलतं."

अण्णा नम्रपणे नाही म्हणायचे. आमच्याजवळ मात्र चिडायचे. "पान म्हणजे झाडाची चूल. सगळ्या नोकरीत मी लोकांना ओरडून सांगितलं की पानाला हात लावू नका. आणि आता मी धडधाकट झाड ओरबाडून उघडं करू? ते मरेल." आँटींच्या आजोबांची झाडं मरत नाहीत, हे बाबांनी एकदा हळूच म्हणून पाहिलं. अण्णांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

ते सगळं फुटलं एका रविवारी, जेवताना. ज्वारीचं पीठ मिळालं होतं, आईनं भाकरी आणि भरली वांगी केली होती, बाहेर धो धो पाऊस चालू होता. अण्णांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि म्हणाले, "मी विचार केलाय. झाड इथे आणायलाच नको होतं. ते काढून टाकू. आणि मीही पुण्याला परत जातो. तिथे निदान थंडी तरी आहे."

बाबा काहीतरी बोलणार होते, पण आई आधी बोलली. "म्हणजे झाड काढायचं आणि आपणही जायचं. सोपं आहे तुमचं."

"सोपं?"

"ते इथे आलं, इथल्या हवेत वाढलं, इथल्यासारखं वागतंय. तुम्हाला मात्र ते तिथल्यासारखं वागायला हवंय. त्याला इथे काय लागतं ते शेजारची बाई तीन वर्षं सांगतेय. पण तुम्ही ऐकणार नाही. त्यापेक्षा उपटून टाकाल."

"सुधा, मी झाडाबद्दल बोलतोय."

"मी नाही बोलत झाडाबद्दल," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातला डाव तिनं बाजूला ठेवला. "नऊ वर्षांची होते मी. पुण्याला मावशीकडे नेऊन ठेवलंत. नव्या हवेत मी कशी राहिले, मला तिथे काय लागत होतं, एकदा तरी विचारलंत अण्णा? माई विचारायची. तुम्ही कधीच नाही."

मी आईला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. हात धुऊन ते वर त्यांच्या खोलीत गेले. आई उरलेलं जेवण उभ्यानेच जेवली. बाबांनी मला भांडी पुसायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेचा युनिफॉर्म घालून खाली आले तर अंगणातून कसला तरी सारखा टक टक आवाज येत होता. अण्णा झाडाशी उभे होते आणि पानं तोडत होते. खालच्या फांदीपासून सुरू केलं होतं, एकेक पान, देठाला अंगठा लावून मागे ओढायचं, कळीच्या डोळ्याला धक्का न लावता. पायाशी हिरवा ढीग पडला होता. त्यांची बोटं सांध्यांशी सुजलेली होती, त्यामुळे ते मधूनमधून थांबून हात झटकायचे.

आई ऑफिसला निघाली होती, पर्स खांद्याला, केस बांधलेले. ती दारात थांबली. बाबा बसस्टॉपवर पुढे गेले होते. मला वाटलं ती निघून जाईल. तिनं पर्स खुर्चीवर ठेवली, आत जाऊन फोन केला, आज येऊ शकत नाही एवढंच सांगितलं, आणि ऑफिसच्या कपड्यांतच अण्णांच्या पलीकडच्या फांदीला लागली. मला कुणी शाळेत जा म्हटलं नाही, आणि मीही कुणाला आठवण करून दिली नाही. मी स्टुलावर चढून वरची फांदी वाकवून धरली.

खालच्या दोन फांद्या उघड्या झाल्या. मग अण्णा, हात न थांबवता, झाडाकडेच बघत म्हणाले, "तू जायचीस ना, सुट्टी संपली की, त्या दिवशी मी बागेच्या पार खालच्या टोकाला जाऊन बसायचो. रस्त्याकडे पाठ करून. बस दिसू नये म्हणून."

"मला माहीत होतं तुम्ही खाली आहात," आई म्हणाली. "बसच्या खिडकीतून वळणावर दिसायचात. मला वाटायचं तुमचं काम असेल. मला वाटायचं यांना माझ्यापेक्षा झाडं आवडतात."

अण्णांचा हात थांबला. "झाडं सोपी होती गं," ते म्हणाले. "त्यांना पाठवून द्यावं लागत नव्हतं."

 आई फांदीवरून पानं काढत राहिली, डोळे पुसायला हात रिकामे नव्हते म्हणून खांद्यानं गाल पुसत. काही वेळानं तिनं विचारलं, "असं मागे ओढायचं ना? पुढे नाही?" अण्णांनी तिचा अंगठा धरून दाखवलं, "असं. डोळा खाली असतो. तो सांभाळायचा."

इथे आई मला थांबवते. ती म्हणते, त्या सकाळी सगळं मिटलं असं लिहू नकोस, तसं काही नव्हतं, पुढेही आम्ही भांडलोच. खरं आहे. पण त्या दिवसानंतर "आपल्यासाठी चहा ठेवू का" बंद झालं आणि "अण्णा, चहा" सुरू झालं. अण्णांनी पुण्याचं नाव काढलं नाही.

दुपारपर्यंत झाड उघडं झालं. सगळ्या रस्त्यावर, मळ्यांत, दफनभूमीच्या भिंतीपर्यंत हिरवागार पसारा आणि मध्ये आमचं हे काटकुळं, काळ्या काड्यांचं झाड. पोस्टमन दारात थबकला आणि म्हणाला, "आय्या, अंकल, युवर ट्री डाय ऑलरेडी लाह." अण्णा म्हणाले, "नो, नो. स्लीपिंग." हार्ताती आँटी शिकवणी सोडून आल्या, त्यांच्यामागे एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांनी फांद्या कशा आडव्या ताणून बांधायच्या ते दाखवलं, म्हणजे रस सगळ्या डोळ्यांकडे सारखा जातो. मी आणि त्या मुलांनी सुतळी बांधली, विटा बांधल्या. आता मुळांना काही दिवस पाणी नको होतं, आणि सिंगापूरमध्ये पावसाला कोण सांगणार. बाबांनी मोठं प्लॅस्टिक आणलं, मातीवर उतरतं बांधलं. तरी आभाळ भरून आलं की बाबा छत्री घेऊन अंगणात धावायचे आणि वारा लागून उडालेला प्लॅस्टिकचा कोपरा पायानं दाबून उभे राहायचे. सूटबूट घातलेला माणूस उघड्या झाडावर छत्री धरून उभा आहे, हे दृश्य बसमधल्या लोकांनी कितीदा पाहिलं असेल कोण जाणे. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग एका सकाळी अण्णांनी मला उठवलं. फांदीवरचे डोळे फुगले होते, करड्या लवेतून गुलाबी टोक दिसत होतं. आठवडाभरात सगळं झाड फुललं. पांढरी, कडेनं गुलाबी फुलं, आणि वास अगदी हलका, जवळ गेलं तरच येणारा. आमच्या रस्त्यावरच्या मोगऱ्याच्या आणि फ्रँजिपनीच्या, म्हणजे आपल्या चाफ्याच्या, वासासमोर तो काहीच नव्हता. पण अण्णा डोळे मिटून उभे राहिले होते. मधमाशा फारशा नव्हत्या, तेव्हा त्यांनी माझा चित्रकलेचा बारीक ब्रश मागितला आणि एका फुलातून दुसऱ्या फुलात अलगद फिरवला. दुसरा ब्रश आईनं घेतला. ती म्हणाली, "मनू, तुझा शाळेचा पेपर संपू दे, मग तुलाही देते," आणि परीक्षा होईपर्यंत मला तो मिळाला नाही, याचा मला राग आला होता.

फळं थोडी लागली आणि त्यातलीही बरीच गळाली. उरलेल्यांवर मैनांची नजर होती आणि एका खारीचीही, म्हणून आईच्या जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे करून अण्णांनी प्रत्येकाला पिशवी शिवली. इथल्या उन्हात ती लाल काही झाली नाहीत. हिरवट पिवळी, मुठीएवढी, एका बाजूला जराशी तांबूस. तोडली त्या दिवशी हार्ताती आँटींनाही बोलावलं होतं. अण्णांनी पहिलं फळ ताटलीत कापलं, नेहमीसारखा वास घेतला, फोड तोंडात टाकली आणि त्यांचं तोंड असं झालं की आम्ही सगळे हसत सुटलो. सणसणीत आंबट, वर कडक. आँटी म्हणाल्या, "डोंगरावर ती गोड असते, लाह. इथे ती चिडली आहे." अण्णा चावत राहिले आणि सगळी फोड संपवूनच म्हणाले, "हे निदान काहीतरी म्हणतंय."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. उरलेली फळं चिरून तिनं फोडणीत मेथीदाणे घातले, तिखट, गूळ, मीठ, आणि कैरीचा करतात तसा सफरचंदाचा मेथांबा केला. संध्याकाळी गरम पोळ्यांबरोबर तो आम्ही इतका खाल्ला की भात कुणी घेतलाच नाही. आँटी डबा भरून घेऊन गेल्या. त्यांच्या भावाला त्याची कृती हवी होती, आणि पुढे त्यांच्या बागेतल्या माणसांनीही तो करून पाहिला असं त्या सांगायच्या. कसा झाला ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या घरात आम्ही आणखी बरीच वर्षं होतो. आता तिथे मोठा कॉन्डो उभा आहे, स्विमिंग पूल आहे, आणि कुंपणाला सारख्या उंचीची कापलेली हिरवी झुडपं. झाडाचं काय झालं ते मला विचारू नका. पण दर वर्षी पानगळीचा एक दिवस आमच्या घरात ठरलेला असे. आई त्या दिवशी ऑफिसमधून रजा घ्यायची, शेजारचे विद्यार्थी पियानो सोडून पानं तोडायला यायचे, बाबा हॉकर सेंटरमधून सगळ्यांसाठी केळ्याची भजी बांधून आणायचे. अण्णांना आता शिडी चढवत नव्हती, ते खाली खुर्चीत बसून कुठली फांदी आधी, कुठली नंतर ते सांगायचे, आणि मधूनच डोंगरातलं काहीतरी. आई विचारायची म्हणून सांगायचे. आधी तिनं कधी विचारलंही नव्हतं, हे तिनं मला आत्ता, हे लिहिताना सांगितलं.

अशाच एका दिवशी झाड जवळजवळ उघडं झालं होतं आणि आई शिडीवर शेवटच्या शेंड्याशी होती. खालून अण्णा वर पाहत होते. ते म्हणाले, "बागेतली झाडं अशीच दिसायची माघात. काळ्या काड्या, आणि खाली सगळं बर्फ. तू झालीस त्या सकाळी अशीच होती."

"मी बर्फात झाले?"

"पहाटे. दाई चुलीजवळ बसून होती. उजाडलं तेव्हा मी तुला घोंगडीत गुंडाळून व्हरांड्यात आणलं. सूर्य नुकताच पलीकडच्या शिखरावर आला होता. तुला बाग दाखवली. एकेका झाडाचं नाव सांगितलं. म्हटलं, ही सगळी झोपली आहेत बरं का. तुला मात्र झोप नव्हती, टकमक बघत होतीस."

आई शिडीवर तशीच उभी राहिली, मुठीत पानं धरून. "माईनं मला हे कधीच सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तिला कुठे माहीत होतं," अण्णा म्हणाले. "ती दमून झोपली होती. तू आणि मी, दोघंच जागे होतो."